भारतातून मूल दत्तक घेताना: अमेरिकेतील मराठी पालकांसाठी पूर्वतयारी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी जोडप्याने भारतातून मूल दत्तक घ्यायचे ठरवले, की पहिला फोन बहुधा गावाकडच्या ओळखीच्या डॉक्टरांना किंवा एखाद्या अनाथाश्रमाच्या विश्वस्तांना जातो. हा फोन करू नये. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेले पत्र याचिका म्हणून दाखल झाले आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले, तेव्हापासून ओळखीपाळखीने मूल परदेशी नेण्याचे दिवस सरत गेले. १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'कारा', स्थापन झाली. आज बालकल्याण समितीने दत्तकासाठी मुक्त घोषित केलेले मूल काराच्या पोर्टलमार्फतच पालकांपर्यंत पोहोचते. ही वाट डावलून मूल घेणे किंवा देणे हा २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असलेला गुन्हा आहे. विश्वस्त कितीही सज्जन असले, तरी त्यांच्या हातात द्यायला काही नसते आणि तुमच्या फोनने ते केवळ अडचणीत येतात.

साधारण एक ते पाच वर्षांच्या मुलाची वाट पाहणारी कुटुंबे डोळ्यांसमोर ठेवून हा मजकूर लिहिला आहे. आम्ही साडेतीन वर्षांच्या मुलीला ओडिशातून न्यू जर्सीला आणले तेव्हा कागदपत्रांची आमची तयारी चोख होती आणि मुलीसाठीची तयारी जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे येथे कागदांविषयी गरजेपुरते आणि मुलाविषयी सविस्तर लिहिले आहे.

आधी आपला पासपोर्ट पाहावा

एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाविषयीच्या १९९३ च्या आंतरराष्ट्रीय कराराला, म्हणजे हेग दत्तक कराराला, भारत आणि अमेरिका हे दोन्ही देश बांधील आहेत. भारतात तो २००३ पासून आणि अमेरिकेत एप्रिल २००८ पासून लागू आहे. या करारान्वये करायचा अमेरिकेचा 'आय-८०० ए' हा पहिला अर्ज फक्त अमेरिकी नागरिकाला करता येतो. पतिपत्नींपैकी एकजण नागरिक असला तरी पुरते, परंतु दोघेही ग्रीन कार्डावर किंवा एच-१ बी व्हिसावर असतील, तर हा मार्ग बंद आहे. अशा जोडप्याने भारतात मूल दत्तक घेतलेच, तर त्या मुलाला कुटुंबीय म्हणून व्हिसा मिळण्यासाठी दोन वर्षांचा कायदेशीर ताबा आणि दोन वर्षांचा प्रत्यक्ष सहवास दाखवावा लागतो. म्हणजे व्यवहारात दोघांपैकी एकाने नोकरी सोडून दोन वर्षे भारतात राहायचे. ही गोष्ट दत्तक घेऊन झाल्यावर कळलेली कुटुंबे मला भेटली आहेत, आणि त्यांना सांगण्यासारखे माझ्यापाशी फारसे काही नव्हते.

नात्यातले मूल घेणाऱ्यांची फसगत याहून अधिक होते. बहिणीचे किंवा दिराचे मूल असेल, घरी रीतसर दत्तविधान झाले असेल, दत्तकपत्र नोंदवलेले असेल, तर आता फक्त विमानाचे तिकीट काढायचे राहिले, अशी समजूत असते. हेग करार नात्यातल्या मुलालाही लागू होतो. काराचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि त्या विशिष्ट मुलासाठी करायच्या अमेरिकेच्या 'आय-८००' या दुसऱ्या अर्जाची तात्पुरती मंजुरी हातात येण्यापूर्वी कोणतेही दत्तकविधान पूर्ण करू नये. क्रम एकदा उलटला, की तो सुलटा करणे फार कठीण जाते.

कोणत्या वयाचे मूल मिळेल

२०२२ च्या दत्तक नियमांनुसार पतिपत्नींच्या वयांची बेरीज दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ८५ पेक्षा, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९० पेक्षा आणि चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी १०० पेक्षा जास्त असता कामा नये. एकट्या पालकासाठी याच मर्यादा अनुक्रमे ४०, ४५ आणि ५० आहेत. पती ४६ वर्षांचा आणि पत्नी ४२ वर्षांची असेल, तर बेरीज ८८ होते, म्हणजे तान्ह्या बाळाचा विचार सोडून द्यावा लागतो. हे वय नोंदणीच्या तारखेचे धरले जाते, त्यामुळे नागरिकत्वासाठी थांबायचे की नाही, हे ठरवताना कागदावर ही बेरीज मांडून पाहावी. घरात आधीची दोन मुले असतील, तर विशेष गरजा असलेल्या किंवा सहजी घर न मिळणाऱ्या मुलांसाठीच अर्ज विचारात घेतला जातो. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही.

आता थोडी कटू वस्तुस्थिती. २०२४-२५ या वर्षात भारतात ४,५१५ मुले दत्तक गेली, त्यांपैकी ४,१५५ देशातच राहिली. कायद्याचा कल उघड आहे: मूल शक्यतो आपल्या देशात वाढावे. दत्तकासाठी मुक्त झालेल्या मुलाला साठ दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय कुटुंब मिळाले नाही, तरच ते आंतरदेशीय, म्हणजे परदेशी, दत्तकासाठी खुले होते, आणि अपंग मुले, भावंडे व पाच वर्षांवरील मुले यांना त्यात अग्रक्रम देता येतो. भारतीय वंशाच्या पालकांना इतर परदेशी पालकांच्या आधी संधी मिळते हे खरे, तरीही सहा महिन्यांच्या ठणठणीत बाळाचे चित्र मनात घेऊन ज्यांनी अर्ज केला, त्यांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. माझे स्पष्ट मत असे, की हे चित्र मनातून पुसता येत नसेल, तर परदेशी दत्तकाच्या मार्गाला लागूच नये.

नोंदणीच्या वेळी कोणकोणत्या आजारांचे किंवा व्यंगांचे मूल स्वीकारता येईल, हे अमेरिकेतली दत्तक एजन्सी विचारते. यादी लांब असते: दुभंगलेला ओठ, हृदयातील छिद्र, ऐकू कमी येणे, अपुऱ्या दिवसांचा जन्म, थॅलसेमिया, तिरळेपणा, वाकडे पाऊल. ही यादी पतिपत्नींनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून स्वतंत्रपणे भरावी आणि मगच एकमेकांना दाखवावी. एकत्र बसले, की एकजण उदार होतो आणि दुसरा गप्प बसतो, आणि ते गप्प बसणे मूल घरी आल्यावर बोलू लागते. आमच्या दोन याद्यांमध्ये सात ठिकाणी फरक होता. त्या सात ओळींवर आम्ही तीन आठवडे बोललो. पूर्ण प्रक्रियेतले ते सर्वांत उपयुक्त तीन आठवडे होते.

एजन्सी आणि गृहअध्ययन

अमेरिकेतली एजन्सी निवडताना तिला तीन मान्यता आहेत ना, हे तपासावे: राज्याचा परवाना, हेग करारासाठीची अधिकृत मान्यता आणि भारतात काम करण्यासाठी काराची परवानगी. काराने ठरवलेले बाल संगोपन शुल्क आंतरदेशीय दत्तकासाठी ५,००० डॉलर आहे. त्याव्यतिरिक्त संस्थेने देणगी मागणे किंवा पालकांनी ती देऊ करणे नियमबाह्य आहे. पंखे, सतरंज्या, गहू असल्या रूपातली देणगीसुद्धा दत्तक पूर्ण होईपर्यंत देऊ नये.

गृहअध्ययनासाठी, म्हणजे घर आणि कुटुंब पारखण्यासाठी, येणाऱ्या समाजसेविकेसाठी भिंती रंगवायची गरज नसते. ती धुराचा इशारा देणारे यंत्र, जिन्याचे कठडे आणि औषधांचे कपाट पाहते, आणि त्याहून अधिक तुमचे भांडण कसे मिटते ते विचारते. घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाची पार्श्वभूमी तपासली जाते, त्यामुळे सासूबाई सहा महिन्यांसाठी येऊन राहणार असतील, तर ते आधीच सांगावे. किमान दहा तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. त्यापुढे मिळेल तेवढे स्वखुशीने घ्यावे.

ज्येष्ठांशी बोलण्याचे काम समाजसेविका करणार नाही, ते आपल्यालाच करायचे असते. "कोणाचं असेल?" हा प्रश्न पुण्यात विचारला जातो तसाच न्यू जर्सीतल्या एडिसनमध्येही विचारला जातो, आणि त्यात जातीची व रंगाची चौकशी किती असते, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. त्याचे उत्तर मूल येण्याच्या आधी, मूल समोर नसताना, एकदाच आणि ठामपणे द्यावे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी यशवंताला आपला मुलगा म्हणून १८७४ मध्ये स्वीकारले. दीडशे वर्षांनंतर या प्रश्नावर अडखळायचे कारण नाही.

मुलाची माहिती येते तेव्हा

पोर्टलवर मुलाचा प्रस्ताव आला, की ते मूल राखून ठेवण्यासाठी ९६ तास आणि अहवालांवर सह्या करून स्वीकृती देण्यासाठी ३० दिवस मिळतात. या मुदतीत डॉक्टर शोधत बसू नये. अमेरिकेतील बऱ्याच मोठ्या बालरुग्णालयांत परदेशी दत्तक मुलांसाठी स्वतंत्र क्लिनिक असते. तेथे आधीच नाव घालून ठेवावे. वैद्यकीय अहवालात वजन-उंचीइतकेच डोक्याच्या घेराचे आकडे महत्त्वाचे असतात, आणि एकच आकडा पुरत नाही, दर काही महिन्यांची नोंद हवी. फोटोपेक्षा चालतानाचा, खेळतानाचा आणि संस्थेत सांभाळणाऱ्या मावशींशी बोलतानाचा व्हिडिओ मागावा.

अहवालात जे नसते, ते एजन्सीमार्फत संस्थेला विचारावे. मूल किती वाजता झोपते, कोणाजवळ झोपते, दिवा चालू असतो की बंद, भात कालवून भरवतात की स्वतः खाते, दूध पेल्याने पिते की बाटलीने, कशाला घाबरते, कोणत्या मावशींच्या मागे मागे असते, संस्थेत त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, कारण कागदावरचे नाव आणि हाकेचे नाव अनेकदा निराळे असते. आमच्या पहिल्या पत्राला "मूल सर्वसाधारण आहे" एवढेच उत्तर आले होते. दुसऱ्यांदा आम्ही बारा छोटे प्रश्न लिहून पाठवले, तेव्हा एका मावशींनी सांगितलेली माहिती दोन पाने भरून आली.

भाषेकडे मराठी पालकांचे हमखास दुर्लक्ष होते. मूल भारतातले, आपणही भारतातले, मग बोलणे जमेलच, असे वाटते. मूल महाराष्ट्रातलेच असेल असे नाही, आणि नागपूरकडच्या संस्थेतले मूल घरी हिंदी बोलणारे असू शकते. भुवनेश्वरच्या हॉटेलात पहिल्याच संध्याकाळी आमच्या मुलीने दोनदा "झाडा, झाडा" म्हटले. माझ्या यजमानांनी मोठ्या कौतुकाने तिला उचलून खिडकीपाशी नेले आणि बाहेरचे आंब्याचे झाड दाखवले. ती त्या झाडाकडे पाहत राहिली, आणि मग चादर बदलावी लागली. उडियात झाडा म्हणजे शौच. माझी आजीही "झाडा झाला" असेच म्हणायची, पण ते मला तीन तासांनी आठवले. त्यामुळे पाणी, भूक, शी, शू, दुखते, झोप, भीती वाटते, येथेच आहे, परत येईन, असे पंचवीस-तीस शब्द मुलाच्या भाषेत पाठ करून जावे, आणि ते शक्यतो मावशींच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून घ्यावे.

ताबा घेण्याचे दिवस

स्वीकृती, ना-हरकत प्रमाणपत्र, दत्तक आदेश (सप्टेंबर २०२२ पासून तो न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांनी देण्याची तरतूद आहे), नव्या आईवडिलांच्या नावांचा जन्मदाखला, दत्तक हेग कराराप्रमाणे झाल्याचे अनुरूपता प्रमाणपत्र, मुलाचा भारतीय पासपोर्ट आणि शेवटी अमेरिकी व्हिसा, हा क्रम एजन्सी सांभाळते. प्रत्येक कागदावर मुलाच्या नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, एवढे मात्र स्वतः पाहावे. आमच्या जन्मदाखल्यात एक अक्षर जास्त पडले आणि परतीची तिकिटे दोनदा बदलावी लागली.

संस्थेत एका दिवसात मूल उचलून निघू नये. निदान तीन-चार दिवस रोज जावे, मुलाच्या जेवणाच्या वेळी तेथे बसावे, मावशी कशा भरवतात, कशा थोपटतात ते पाहावे. त्यांचे तेल, त्यांचा साबण कोणता ते विचारून तोच घ्यावा, आणि मुलाच्या अंगावरचे कपडे न धुता बरोबर ठेवावेत, कारण त्या वासाखेरीज मुलाजवळ ओळखीचे काही उरणार नसते. निरोप घाईघाईने उरकून टाकण्याचा कल असतो. मुलाला रडताना पाहवत नाही म्हणून मावशींना आत पाठवतात. तसे होऊ देऊ नये. मावशींनी स्वतः मुलाला तुमच्या हातात द्यावे आणि "जा" असे सांगावे, ही विनंती आदल्या दिवशी करून ठेवावी.

नाव बदलण्याविषयी माझे मत कडक आहे. घराण्याचे नाव, आजीचे नाव, पत्रिकेतले आद्याक्षर यांपैकी कशासाठीही साडेतीन वर्षांच्या मुलाची हाक काढून घेऊ नये. हौस असेल, तर दुसरे नाव जोडावे.

पहिले काही महिने

हॉटेलात पहिले जेवण झाल्यावर आमची मुलगी आपण होऊन बेसिनपाशी गेली, मी हात धुतले तसे तिने धुऊ दिले, आणि लगेच एक पाऊल बाजूला सरकून भिंतीला टेकून उभी राहिली. मागच्या मुलासाठी तिने जागा केली होती. मागे कोणी नव्हते. हे तिने घरी आल्यावरही जवळजवळ दोन महिने केले. संस्थेत वाढलेल्या मुलाच्या शरीरात रांग, घंटा आणि वाटणी भिनलेली असते. ती शिस्त आहे असे समजून पाहुण्यांसमोर तिचे कौतुक करू नये.

पडल्यावर न रडणारे मूल सोशिक नसते. रडल्यावर कोणी येतेच असे नाही, हे त्याला कळलेले असते. अशा वेळी ते रडले नाही तरी धावत जावे, खरचटलेली जागा पाहावी, फुंकर घालावी. कोणाच्याही मांडीवर जाऊन बसणारे मूल पाहून मंडळातल्या मैत्रिणी "किती लवकर रुळली!" म्हणतात, तेव्हा पालकांनी सावध व्हावे, कारण सगळेच सारखे जवळचे म्हणजे अजून कोणीच जवळचे नाही. पहिले तीन-चार महिने भरवणे, अंघोळ, झोपवणे आणि कडेवर घेणे ही कामे फक्त आईवडिलांनी करावीत. आजी-आजोबांना हे लागते, हे मान्य करूनही ते करावे. बारशाचा किंवा स्वागताचा मोठा समारंभ निदान सहा महिने पुढे ढकलावा.

उशीखाली पोळीचे तुकडे सापडतील. ते रागावून काढून घेण्याऐवजी मुलाच्या हाताला लागेल अशा जागी एक डबा ठेवावा, त्यात चुरमुरे, केळे किंवा बिस्किटे असावीत आणि तो कधीही रिकामा दिसू देऊ नये. भात-वरण मिळत राहिले, तर बाकीचे पदार्थ सवडीने येतात. झोपेचे सांगायचे, तर फुलपाखरे चिकटवलेली स्वतंत्र खोली आमच्याकडे आठ महिने रिकामी होती. अकरा मुलांच्या श्वासांत झोपलेल्या मुलाला शांतता हीच भीतीची वाटते. खाली गादी घालून शेजारी झोपावे.

अमेरिकेत पोहोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्या बालरुग्णालयाच्या क्लिनिकमध्ये तपासणी करून घ्यावी: रक्तक्षय, ड जीवनसत्त्व, शिसे, जंत, कावीळ ब, दात, कान. भारतात जन्मतः बीसीजी लस देतात आणि तिच्यामुळे क्षयाच्या त्वचाचाचणीचा निकाल फसवा येऊ शकतो, म्हणून रक्तचाचणीचा आग्रह धरावा. आणखी एक गोष्ट अगत्याने करावी. आपल्याकडच्या अनेक मुलांच्या कमरेवर किंवा ढुंगणावर निळसर जन्मखूण असते. अमेरिकेतल्या पाळणाघरात ती माराची खूण समजली जाऊ शकते. पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून तिची लेखी नोंद करून घ्यावी.

नोकरीच्या ठिकाणी बारा आठवड्यांपर्यंतची बिनपगारी कौटुंबिक रजा दत्तकासाठीही मिळू शकते, मात्र कंपनीत किमान ५० कर्मचारी आणि तुमची वर्षभराची नोकरी झालेली असावी लागते. कंपनीच्या आरोग्य विम्यात मुलाचे नाव घालण्याची मुदत बहुधा ३० दिवसांचीच असते. ती पहिल्या गोंधळात हातची जाते, म्हणून प्रवासाआधीच अर्ज भरून ठेवावा.

नंतरचे कागद

दत्तक भारतात पूर्ण करून 'आयएच-३' व्हिसावर आलेले अठरा वर्षांखालचे मूल अमेरिकेत पाऊल ठेवताच नागरिक होते आणि प्रमाणपत्र टपालाने येते. ते आले नाही, तर पाठपुरावा करावा. २००१ मध्ये हा कायदा लागू होण्याआधीच अठरा वर्षे पूर्ण झालेली, आईवडिलांनी कागद न केलेली दत्तक माणसे आज पन्नाशीलाही नागरिकत्वाविना आहेत. प्रमाणपत्र आल्यावर मुलाचा अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड काढावे.

मुलाच्या मुळाविषयीचे कागद वेगळ्या डब्यात ठेवावेत: बाल अध्ययन अहवाल, बालकल्याण समितीचा आदेश, संस्थेचे आणि मावशींचे फोटो, अंगावरचा तो कपडा. नियमांनुसार अठरा वर्षांनंतर मूल स्वतः आणि त्याआधी आईवडिलांसह आपल्या मुळांचा शोध घेऊ शकते, परंतु तिऱ्हाइताला तो घेता येत नाही. म्हणजे तुम्ही तेव्हा विचारून ठेवले नाही, ते पुढे दुसरे कोणी विचारून देणार नाही.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी असे सहा अहवाल एजन्सी पोर्टलवर चढवते. ते संस्थेच्या कार्यालयापर्यंत पोहोचतात. मावशींपर्यंत मात्र ते जात नाहीत, त्यामुळे प्रत्येक वेळी दोन फोटो छापून, मागे मुलाचे हाकेचे नाव आणि तारीख लिहून, साध्या टपालाने वेगळे पाठवावेत.